खोडदच्या महादुर्बिणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे–नाशिक रस्त्याने नारायणगाव जवळ आलं की टोमॅटोच्या आणि उसाच्या रानातून मध्येच एखादी भलीमोठी जाळीदार तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी दिसते. गाडीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, हे काय आहे?" मी जुन्नर तालुक्यातला. घरी पाहुणे आले की त्यांना आधी शिवनेरीवर नेतो आणि मग खोडदची वाट धरतो. त्या वाटेवर मला वर्षानुवर्षं विचारले गेलेले प्रश्न इथे मांडले आहेत. काही शाळकरी पोरांचे आहेत, काही शेजारच्या शेतकऱ्यांचे, तर काही पुण्या-मुंबईहून आलेल्या इंजिनिअर मंडळींचे.

खोडदला नक्की आहे तरी काय?

रेडिओ दुर्बीण. पूर्ण नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळे म्हणतात जीएमआरटी. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. आपल्या हिशेबात सांगायचं तर एका तबकडीचं तोंड जवळजवळ सोळा गुंठ्यांचं. तीसही तबकड्यांची तोंडं एकत्र मांडली तर बारा एकरांच्या आसपास भरतील. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होते.

ती चालवणारी संस्था म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच एनसीआरए. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे.

आर्वीचं केंद्र आणि हे एकच ना?

नाही. ही गल्लत आमच्या तालुक्यातली माणसंसुद्धा करतात, कारण दोन्ही ठिकाणं नारायणगावच्या परिसरात आणि दोन्हीकडे तबकड्या. आर्वीचं केंद्र १९७१ साली उपग्रहामार्फत संदेशवहन करण्यासाठी उभं राहिलं. परदेशी फोन लावण्यासाठी तिथून संदेश पाठवलेही जात आणि घेतलेही जात. खोडद फक्त घेतं, पाठवत काहीच नाही. या फरकावर पुढची बरीच उत्तरं अवलंबून आहेत.

डोळा कुठे लावायचा? आतून काय दिसतं?

डोळा लावायची जागाच नाही, आणि मुलांचा इथे थोडा हिरमोड होतो. शनीची कडी पाहायची म्हणून आलेल्या पोराला नियंत्रण कक्षात संगणकाच्या पडद्यांवर आकडे आणि आलेख दिसतात.

पण थोडं थांबून विचार करा. आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश आणि रेडिओ लहरी ही एकाच कुळातली भावंडं. दोन्ही एकाच वेगाने धावतात, फरक फक्त लांबीचा. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, तर खोडदला येणारी लहर वीतभरापासून पुरुषभर उंचीपर्यंतची. विश्वातल्या कितीतरी गोष्टी डोळ्याला दिसणारा प्रकाश देतच नाहीत, किंवा दिला तरी तो वाटेतल्या धुळीत अडकतो. थंड हायड्रोजन वायूचे ढग, मेलेल्या ताऱ्यांचे फिरते गाभे, दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) पोटातून बाहेर फेकले गेलेले झोत, हे सगळं रेडिओ लहरींत उजळून निघतं. त्या आभाळाला ढगांचा आणि धुळीचा पडदा आडवा येत नाही. दिवसाढवळ्याही ते पाहता येतं.

विश्वातून अशा लहरी येतात हे पहिल्यांदा कळलं ते कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याला, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. तो दूरध्वनी कंपनीसाठी समुद्रापारच्या संभाषणात येणारी खरखर कुठून येते ते शोधत होता. एका खरखरीचा उगम आकाशगंगेच्या मध्याकडे निघाला. आजही रेडिओ खगोलशास्त्रात तेजस्वितेचं एकक 'जान्स्की' आहे.

म्हणजे ती आकाश 'ऐकते'?

बोलायला सोयीचं म्हणून आपण तसं म्हणतो. पण रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे. आवाजाला हवा लागते, हिला काहीच लागत नाही. घरातल्या रेडिओचा आवाज त्या डब्यात तयार होतो, हवेतून येते ती मुकी लहर. खोडदला त्या लहरीचे आकडे होतात आणि आकड्यांतून चित्र तयार होतं. त्यामुळे 'पाहते' म्हणणंच जास्त बरोबर.

जाळीची तबकडी कशी चालते? भोकांतून लहरी निसटून जात नाहीत का?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. या दुर्बिणीची खरी हुशारी त्या जाळीतच आहे.

पोह्याची चाळण आठवा. तिच्यातून बारीक चुरा खाली पडतो, पोहे वर राहतात. लहर म्हणजे काही दाणा नव्हे, पण नियम तसाच काहीसा आहे. जाळीचं भोक लहरीच्या लांबीच्या मानाने बरंच लहान असलं, तर त्या लहरीला जाळी आणि सलग पत्रा यांत फारसा फरक जाणवत नाही. ती आरशावरून परतावी तशी परत फिरते. खोडदच्या जाळीची भोकं तबकडीच्या मध्यभागी १० मिलिमीटरची आहेत, त्याबाहेर १५ आणि कडेला २० मिलिमीटरची. येणारी सर्वांत आखूड लहर २१ सेंटिमीटरची. एवढ्या लहरीला ती भोकं दिसतही नाहीत. वाऱ्याला मात्र दिसतात, आणि तो त्यांतून निघून जातो.

इथेच सगळं गणित बदलतं. सोळा गुंठ्यांचा सलग पत्रा उंचावर धरायचा म्हणजे गलबताचं शीड धरण्यासारखं. वाऱ्याचा जोर सोसायला सांगाडा दणकट हवा, दणकट सांगाडा फिरवायला तितकीच मोठी यंत्रं हवीत, आणि त्यासाठी पैसाही तितकाच. जाळी केल्याने हा सगळा भार एकदम उतरला. तबकडीच्या सोळा कमानींवरून पोलादी दोर ताणून बसवले आहेत आणि त्या दोरांवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. वाकवलेले पत्रे कुठेच नाहीत. ताणलेल्या दोरांनीच जाळीला परवलयाचा, म्हणजे येणाऱ्या लहरी एका बिंदूत गोळा करणाऱ्या खोलगट वाटीचा, आकार येतो. बाजेच्या सुंभासारखा ताण देऊन साधलेला हा आकार भारतात विकसित झाला, आणि त्यामुळेच भारताला परवडणाऱ्या खर्चात एवढी मोठी दुर्बीण उभी राहिली. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेतल्या प्रसिद्ध व्हेरी लार्ज ॲरे या दुर्बिणीत २७ तबकड्या आहेत, प्रत्येक २५ मीटरची. आपल्या तबकड्या त्याहून कितीतरी मोठ्या. मात्र त्यांच्या भरीव तबकड्या फार आखूड लहरीही टिपतात, आपल्या जाळीला ते जमणार नाही. लांब लहरींचं क्षेत्र आपण निवडलं आणि तिथे मोठं काम करून दाखवलं.

वादळी वारा सुटला की तबकड्या थेट डोक्यावरच्या आभाळाकडे तोंड करून थांबवतात. वळवाच्या दिवसांत सगळ्या तबकड्या एकाच वेळी अशा वर पाहताना दिसल्या, तर समजा की वाऱ्याचा जोर वाढला आहे.

तीस कशाला? एकच मोठी का नाही केली?

दुर्बिणीकडून दोन गोष्टी हव्या असतात. अंधूक गोष्ट दिसली पाहिजे आणि बारकावे सुटे-सुटे दिसले पाहिजेत. अंधूक गोष्ट दिसण्यासाठी क्षेत्रफळ लागतं, बारकाव्यांसाठी रुंदी. रेडिओ लहरी लांब असल्याने बारकावे हवे असतील तर दुर्बीण काही किलोमीटर रुंद लागते. एवढी तबकडी कोण आणि कशी फिरवणार?

त्यावरची युक्ती अशी. दोन तबकड्या एकमेकींपासून लांब ठेवा, दोघींना एकाच ताऱ्याकडे वळवा आणि एकच लहर दोघींपर्यंत किती फरकाने पोचते ते अचूक मोजा. तीस तबकड्यांतून अशा ४३५ जोड्या होतात. त्यात पृथ्वी फिरते, म्हणून ताऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक जोडीची दिशा तासातासाला बदलत राहते. आठ-दहा तास निरीक्षण केलं की जणू एका अवाढव्य तबकडीचे वेगवेगळे तुकडे आपण भरून काढलेले असतात. या पद्धतीच्या विकासासाठी मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

खोडदला १४ तबकड्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरल्या आहेत, पूर्वेला पाच, दक्षिणेला पाच आणि पश्चिमेला सहा. रस्त्याने जाताना रानात एकटी दिसते ती या फाट्यांवरची. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर, आणि सगळ्या ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेल्या. २१ सेंटिमीटरच्या लहरींत या सगळ्या मिळून दोन विकलांएवढा बारकावा दाखवतात (विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग). दोन-अडीच किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं आपल्या डोळ्याला जेवढं भासेल, तेवढा हा कोन.

हे सगळं कुणाच्या डोक्यातून आलं?

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या. जन्म १९२९, निधन सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात. ते आणि परदेशात काम करणारे आणखी तीन भारतीय खगोलशास्त्रज्ञ, एम. आर. कुंडू, टी. के. मेनन आणि टी. कृष्णन, यांनी १९६१ साली भारतातल्या संस्थांना कळवलं, की आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्र सुरू करायला तयार आहोत. होमी भाभांनी लगेच होकार दिला. स्टॅनफर्डला असलेले स्वरूप १९६३ मध्ये परतले.

त्यानंतरचा प्रवास मुंबईच्या लोकलमधून जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे. पहिली दुर्बीण १९६५ साली कल्याणला उभी राहिली. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या, जेमतेम सहा फुटी ३२ तबकड्या जोडून तिथे सूर्याचा अभ्यास झाला. मग १९७० मध्ये उटी. तिथली दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, आणि ती मुद्दाम अशा डोंगरउतारावर बांधली आहे की उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, भरतो. त्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो आणि एकाच आसाभोवती फिरवून तारा दिवसभर टिपता येतो. डोंगरालाच दुर्बिणीचा भाग करून घेणारं हे डोकं. खोडदची जाळी त्याच डोक्यातून निघाली यात नवल नाही. १९८० च्या दशकात जीएमआरटीचा आराखडा झाला, १९९० च्या दशकात बांधकाम, आणि २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांना खुली आहे.

जागा खोडदचीच का निवडली?

मुख्य कारण शांतता. इथल्या डोंगरांनी पुण्या-मुंबईकडून येणारा रेडिओ गोंगाट बराच अडवला. दुसरं कारण अक्षांश. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, फार खळबळतो आणि लांब लहरी वाकड्यातिकड्या करतो. तिथून पुरेसं उत्तरेला जायचं, पण दक्षिणेचं आभाळही हातचं जाऊ द्यायचं नाही, हा मेळ १९ अंशांवर बसतो. उत्तर ध्रुवापासून दक्षिणेला सुमारे ५३ अंशांपर्यंतचं आकाश इथून गवसतं. शिवाय रस्ता चांगला आणि पुणं ८० किलोमीटरवर.

मोबाईल बंद ठेवायला का सांगतात? एका फोनने काय बिघडतं?

हे पटवून द्यायला मी एकच हिशेब सांगतो. तुमचा साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो संपूर्ण आभाळातल्या मोजक्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल. शर्मिष्ठेतले ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष, हंस तारकासमूहातली महाकाय रेडिओ दीर्घिका, अशांच्या पंगतीला तो जाऊन बसेल. आणि तो फोन पावणेचार लाख किलोमीटरवर नाही, तुमच्या खिशात आहे.

ग्राहकयंत्रं बदलून केलेल्या सुधारणेनंतर ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा पट्टा (मघाच्या वीतभर ते पुरुषभर लहरीच, फक्त वारंवारतेच्या भाषेत) चार टप्प्यांत पाहते. ८५० ते १०५० ही जागा मात्र त्यात रिकामी आहे. मोबाईलचा ९०० चा पट्टा याच पोकळीत येतो. आभाळाचा तेवढा तुकडा आपल्याला मिटून घ्यावा लागतो.

गोंगाट फक्त मोबाईलचा नसतो. विजेच्या तारेचा सांधा सैल होऊन ठिणगी उडत असेल किंवा टीव्हीचा बूस्टर बिघडला असेल, तर तोही नकळत प्रक्षेपण करू लागतो. विजेच्या ठिणग्यांचा त्रास मोजणीच्या क्षणीच गाळून टाकायची सोय आता दुर्बिणीच्या यंत्रणेत आहे, पण गाळताना थोडी खरी माहितीही जातेच. उपग्रहांवर तर डोंगराचा काहीच इलाज चालत नाही, ते डोक्यावरूनच जातात. युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने २०२३ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान झिरपणाऱ्या लहरी टिपल्या. खोडदच्या खालच्या पट्ट्यातच त्या येतात. मला या गोष्टीची फार काळजी वाटते.

दुर्बिणीमुळे आमची रेल्वे अडली, हे खरं का?

पुणे–नाशिक रेल्वेची आधीची आखणी नारायणगाव भागातून होती आणि ती बदलताना रेल्वेने जीएमआरटीचं कारण दिलं, हे खरं आहे. तांत्रिक कारण समजण्यासारखं आहे. विजेची गाडी धावताना वरची तार आणि गाडीचा संपर्कदांडा यांच्यात ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे एकाच वेळी जवळजवळ सगळ्या वारंवारतांवर होणारा गोंगाट.

पण आमच्या भागातल्या माणसाचं दुःखही खोटं नाही. ज्याचा टोमॅटो रस्त्यावरच्या कोंडीत सडतो, त्याला रेल्वे हवी असणारच. माझं मत विचाराल तर, दोन्ही बाजूंनी हा प्रश्न 'हे किंवा ते' असा मांडला जाऊ नये. अंतर राखून, डोंगराची आड घेऊन, गरज पडली तर बोगद्यातून मार्ग नेता येईल का, हे अभियंत्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून गावकऱ्यांसमोर मांडावं. या परिसराने आपल्या आभाळाची शांतता जगाला दिली आहे. त्या देण्याची दखल घेतली, तर लोक दुर्बिणीला आपली म्हणतील. आजही पुष्कळजण म्हणतात.

या छत्र्यांमुळे पाऊस पळतो का? तब्येतीला धोका आहे का?

नाही आणि नाही. या तबकड्या बाहेर काहीही सोडत नाहीत, मग ढगांना किंवा माणसाला त्रास होणार कशाने? ताटात पावसाचं पाणी धरलं म्हणून पाऊस कमी होत नाही. तबकड्यांच्या अगदी जवळपर्यंत शेतं पिकतात, गुरं चरतात.

आजवर तिने शोधलं काय?

यादी लांब आहे. मला भावलेल्या काही गोष्टी सांगतो.

सर्वांत आधी हायड्रोजन, कारण ही दुर्बीण बांधण्यामागचा एक मोठा हेतू तोच होता. विश्वात सर्वांत जास्त असलेला हा वायू थंड असताना २१ सेंटिमीटरची एक क्षीण लहर सोडतो. एकट्या अणूला असं करायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो. तरीही अणू इतके अगणित आहेत, की त्यांच्या ढगांतून ती लहर सतत येत राहते. आता हे पाहा. विश्व पसरत असल्याने लांबून निघालेली लहर वाटेत ताणली जाते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) आणि कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ इथल्या दोन संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केलं, की खोडदला एका दीर्घिकेतली अशी लहर सापडली आहे, आणि ती २१ ऐवजी ४८ सेंटिमीटर लांब होऊन पोचली आहे. ती निघाली तेव्हा विश्वाचं वय ४९० कोटी वर्षं होतं. आपली पृथ्वी तेव्हा जन्मलीही नव्हती, सूर्यही नव्हता. एवढ्या लांबची लहर सापडायला निसर्गाने मदत केली. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून ती सुमारे तीस पट प्रखर केली.

त्याआधी २०२० मध्ये एनसीआरएच्या गटाने वेगळी वाट धरली होती. एकेका दीर्घिकेची लहर दिसत नाही ना, मग ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकमेकींवर रचून सरासरी काढू. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत किती हायड्रोजन होता ते त्यातून कळलं. एवढा वायू तेव्हाच्या वेगाने तारे घडवण्यात एक-दोन अब्ज वर्षांतच संपून जाईल, आणि बाहेरून नवा वायू पुरेसा येत नसेल तर तारे घडणं मंदावेल. नंतरच्या काळात विश्वातली ताऱ्यांची पैदास का घटली, याचं एक कारण हाती लागलं.

मग स्पंदक, म्हणजे पल्सार. मोठा तारा फुटल्यावर उरलेला, शहराएवढा पण सूर्याहून जड गाभा, जो दीपगृहासारखा झोत फिरवत राहतो. खोडदला सापडलेला पहिला स्पंदक २००४ मध्ये जाहीर झाला. कपोत तारकासमूहातल्या एका ताऱ्यांच्या गुच्छात तो सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेतो आणि जोडीदाराभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो. अशा स्पंदकांचे ठोके इतके नेमके असतात, की घड्याळं म्हणून ते वापरता येतात. भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा एक गट युरोपीय गटाबरोबर हेच करत होता. वर्षानुवर्षं ठोके मोजून जून २०२३ मध्ये त्यांनी अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशालाच हेलकावे देणाऱ्या लहरींचे, पुरावे मांडले, ज्यांचं एक आंदोलन पूर्ण व्हायला वर्षं लागतात. जगातल्या इतर गटांनीही त्याच वेळी तसेच निष्कर्ष दिले. खोडदचा वाटा यात खास होता. ताऱ्यांमधल्या जागेतले इलेक्ट्रॉन ठोक्यांना थोडा उशीर करतात, आणि हा उशीर लांब लहरींतच सर्वांत ठळक दिसतो. तो वजा केल्याशिवाय घड्याळ बरोबर लागत नाही.

आणखी एक. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश सतरा कोटी किलोमीटरांहून लांबून खोडदला टिपला जात होता. उतरायला मिनिटभरही उरलं नव्हतं तेव्हा तो थांबला. नंतर कळलं की यान आदळलं. युरोपाला आपल्या यानाची ती शेवटची थेट खबर जुन्नर तालुक्यातून गेली, हे मला अजूनही आठवतं.

परग्रहावरच्यांचा काही निरोप?

नाही, खोडदला नाही आणि जगात कुठेही नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना पहिल्या स्पंदकाचे ठोके सापडले, तेव्हा क्षणभर तशी शंका घेतली गेली होती. नंतर कळलं की तो तारा आहे. मला तर तो तारा निघाला हेच जास्त विलक्षण वाटतं.

ही दुर्बीण कुणाला वापरायला मिळते? पैसे लागतात?

जगातला कुणीही संशोधक अर्ज करू शकतो. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, एक समिती ते तपासते आणि कल्पनेच्या गुणवत्तेवर वेळ मिळतो. शुल्क नाही. मागणी उपलब्ध तासांपेक्षा नेहमीच जास्त असते. ज्याने निरीक्षण केलं त्याला सुमारे दीड वर्ष माहितीवर पहिला हक्क, मग ती सगळ्यांसाठी खुली होते. याचा अर्थ नांदेडच्या किंवा गडहिंग्लजच्या कॉलेजातली विद्यार्थिनीसुद्धा जुन्या नोंदींतून नवं काही शोधू शकते. हा दरवाजा उघडा आहे, आणि आपल्याकडचे फार थोडे विद्यार्थी त्यातून आत जातात याची मला खंत आहे.

आता ती जुनी झाली का?

तबकड्या त्याच आहेत, पण ग्राहकयंत्रं आणि संगणक मोठ्या प्रमाणावर बदलले आहेत. आधी ठरावीक अरुंद पट्टेच पाहता यायचे, आता जवळजवळ सलग रुंद पट्टा दिसतो. वर सांगितलेले हायड्रोजनचे शोध या सुधारणेनंतरचे आहेत.

पुढची मोठी झेप म्हणजे स्क्वेअर किलोमीटर ॲरे, दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली आंतरराष्ट्रीय दुर्बीण. भारत तिचा सदस्य आहे. २०२४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. तिचं संपूर्ण कामकाज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या एनसीआरएचा मोठा वाटा आहे. हिंगोली जिल्ह्यात होणारी लायगो वेधशाळा मात्र वेगळी. ती लेझरने गुरुत्वीय लहरी टिपेल, तिथे तबकडी नसेल.

बघायला कधी जावं?

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला. तेव्हा खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं, आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात आणि शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून समजावून सांगतात. जत्रेसारखी गर्दी असते, सकाळी लवकर पोचा. इतर दिवशी आधी परवानगी घ्यावी लागते. उन्हाची टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की शनी दिसणार नाही, म्हणजे त्यांचं लक्ष जाळीकडे जातं.

घरी काही करून पाहता येईल का?

नक्की येईल, आणि त्यासाठीचं सामान बहुतेक घरांच्या छपरावर आहे. टीव्हीची जुनी डिश घ्या. डिश बसवणाऱ्यांकडे उपग्रह शोधायचा छोटा मीटर असतो, बाजारात तो स्वस्त मिळतो. तो डिशच्या केबलला जोडा आणि त्याला वीज द्या. डिश रिकाम्या आभाळाकडे वळवून मीटरचा काटा खाली आणा आणि मग हळूहळू सूर्याकडे फिरवा. डिशमधून सूर्याकडे पाहायचं नाही, सावलीवरून दिशा धरायची. सूर्य समोर आला की काटा चढतो. आता डिश जमिनीकडे किंवा घराच्या भिंतीकडे करा. तरीही काटा चढतो, कारण ऊबदार असलेली प्रत्येक वस्तू थोड्याफार रेडिओ लहरी सोडत असते. रिकामं आभाळ थंड, भिंत ऊबदार, सूर्य धगधगता, हे तिन्ही फरक त्या एका काट्यावर दिसतात.

हेही करायचं नसेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला टीव्हीवर लक्ष ठेवा. त्या दिवसांत सूर्य दुपारच्या वेळी काही मिनिटं बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि चित्र तुटतं. केबलवाल्याला फोन करू नका. तेवढी मिनिटं तुमच्या छपरावरची डिश सूर्य पाहत असते.